लघवीवरचा ताबा सुटलेल्यांसाठी पुण्यात क्लिनिक काढायचंय? आधी संडास बघा

पुण्यात बागांमधून सकाळी हास्यक्लब भरतात. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी तो सोडलेला असतो. घरी कारण सांगितलेलं असतं गुडघेदुखीचं. खरं कारण एवढंच, की जोरात हसलं की लघवी होते. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना तेच, शिंक आली की तेच. कित्येक वर्षं घडी घातलेली सुती फडकी वापरून झाली की मग एक दिवस बाई दवाखान्यात येते, तीसुद्धा पाठदुखी घेऊन. तपासणी संपते, उठते, दाराशी जाऊन थांबते आणि म्हणते, "अजून एक विचारायचं होतं, पण जाऊ दे."

मी फिजिओथेरपिस्ट. एक मूत्ररोगतज्ज्ञ, एक सिस्टर आणि मी, अशा तिघांनी मिळून फक्त मूत्राशयाच्या तक्रारींचं छोटं क्लिनिक सुरू केलं. यंत्राच्या निवडीत आम्ही फार डोकं घातलं आणि जिथे घालायला हवं होतं तिथे घातलं नाही. दाराशी थांबलेलं ते वाक्य बाईला खुर्चीत बसूनच बोलता यावं, यासाठी काय लागतं हे नंतर कळत गेलं. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर, नर्स, फिजिओ किंवा छोट्या रुग्णालयाचे व्यवस्थापक असं क्लिनिक काढायच्या विचारात असतील, तर आम्ही ज्या क्रमाने करायला हवं होतं तो क्रम देते.

पहिली पायरी: कोणाला बघणार ते ठरवा

"ताबा राहत नाही" ही एक तक्रार नव्हे. खोकताना, हसताना, पाण्याची कळशी उचलताना थेंब गळणं वेगळं. लागली की धावत सुटावं लागतं आणि कडीला हात लावेपर्यंत होऊन जातं, ते वेगळं. बऱ्याच जणींना दोन्ही असतं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत मूत्राशय पुरतं रिकामंच होत नाही आणि काठोकाठ भरलेल्या पिंपासारखं वरून सांडत राहतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्यांची गळती निराळी, मणक्याला मार बसलेल्यांची निराळी. आणि एखाद्या आजोबांचं मूत्राशय ठणठणीत असतं, गुडघ्यांमुळे ते वेळेत पोचत नाहीत एवढंच. त्यांना गोळी नको, पलंगाशेजारी भांडं आणि रात्रीचा दिवा हवा.

पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी दार उघडू नका. प्रौढ स्त्रिया आणि स्त्री-पुरुष दोन्ही ज्येष्ठ, एवढ्यावर सुरुवात पुरे. पाच वर्षांनंतरही अंथरूण ओलं करणारी मुलं, जन्मतः मणक्यात दोष असलेली मुलं, मज्जारज्जूला इजा झालेले तरुण, यांना वर्षानुवर्षं सोबत करणारा चमू लागतो. तो काय असतो हे बघायला लांब जायला नको. खडकीत सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. परवानगी मिळाली तर एकदा जाऊन या.

आपण ज्यांना बघणार नाही त्यांना कुठे पाठवायचं, याची यादी उद्घाटनाच्या आधी तयार हवी. स्त्रीरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, आणि खर्च परवडणार नाही त्यांच्यासाठी सरकारी ससून रुग्णालय. दुसरा एक कागद रिसेप्शनच्या काचेखाली ठेवा, फोन घेणाऱ्या मुलीलाही तो पाठ हवा: लघवीतून रक्त, लघवी एकदम तुंबणं, पाय लुळे पडणं किंवा बसायच्या जागी बधिरपणा येणं. यातलं काही असेल तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट द्यायची नाही; त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं, आणि क्लिनिक बंद असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. बाळंतपण किंवा गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस, एकसारखी गळती सुरू झाली असेल तर फिस्टुला, म्हणजे मूत्राशयातून किंवा मूत्रवाहिनीतून योनीमार्गात पडलेलं भगदाड, असू शकतं. अशा बाईला व्यायाम शिकवत बसणं म्हणजे तिचे महिने वाया घालवणं.

दुसरी पायरी: जागा

एजंट जागा दाखवायला आला की आधी संडास दाखवायला सांगा. तो गोंधळतो. गोंधळू दे.

तळमजला असावा, नाहीतर व्हीलचेअर आणि सोबतचा माणूस दोघं मावतील एवढी लिफ्ट. पेठांमध्ये डॉक्टरांचं नाव पटकन होतं, पण अरुंद जिने, पार्किंगची मारामारी, आणि विसर्जनाच्या सुमारास रस्तेच बंद. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता या बाजूला ज्येष्ठांची वस्ती भरपूर आहे. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट या मेट्रोमार्गांच्या आसपास जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण स्टेशनवर लिफ्टही असते आणि स्वच्छतागृहही. या रुग्णांच्या डोक्यात शहराचा नकाशा स्वच्छतागृहांचा असतो. कुठल्या चौकात सोय आहे, जुन्या बसमध्ये केलेलं बायकांचं 'ती' स्वच्छतागृह कुठे चालू असतं, कुठल्या हॉटेलात चहा न घेता जाऊ देतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. अपॉइंटमेंटच्या व्हॉट्सॲपवर पत्त्याबरोबर एवढं लिहा: "क्लिनिकमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला स्वच्छतागृह आहे, कोणाला न विचारता वापरा." आमच्या सगळ्या संदेशांत याच ओळीबद्दल लोकांनी आभार मानलेत.

स्वच्छतागृहं किमान दोन. एक सगळ्यांसाठी, एक फक्त तपासणीचं. निदान एक तरी व्हीलचेअर आत वळेल असं हवं: दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, आत दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, उतार असेल तर बारा फुटांना एक फूट याहून चढा नको, कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे, आणि दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर काय होतं, त्याची कल्पना करून बघा.

आता आमची चूक. लघवीची धार मोजणारं यंत्र, ज्याला सगळे यूरोफ्लो म्हणतात, आम्ही वेटिंगच्या शेजारी प्लायवूडच्या पार्टिशनमागे ठेवलं. वर छतापर्यंत एक फूट फट. पहिल्याच आठवड्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आत गेले. वीस मिनिटं झाली, तरी काही नाही. बाहेर टीव्हीवरच्या बातम्या त्यांना ऐकू येत होत्या, म्हणजे त्यांचंही बाहेर ऐकू जाणार हे त्यांना कळत होतं. ते तसेच उठून निघून गेले आणि परत आले नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही छतापर्यंत विटांची भिंत बांधली आणि थोडा आवाज करणारा पंखा बसवला. यंत्रापेक्षा त्या भिंतीने जास्त रिपोर्ट सुधारले.

आणखी बारीकसारीक. साडी, ओढणी, पर्स अडकवायला दोन मजबूत खुंट्या. पाय टेकायला चौरंग. हात धुवायच्या जागी आरसा आणि टिश्यू. आणि एका कपाटात धुतलेले परकर, पायजमे आणि पॅड. कोणी ओलं झालं तर मावशींनी काही न बोलता पिशवी हातात द्यायची, परत मागायची नाही.

तिसरी पायरी: कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, म्हणून भराभर. खाटा ठेवून रुग्ण दाखल करणार असाल तर १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे नोंदणी लागते, आणि मग अग्निशमनाची कागदपत्रंही आली. फक्त बाह्यरुग्ण क्लिनिक असलं तरी २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सुटत नाहीत: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र, कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राशी करार, आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल. वापरलेले कॅथेटर (लघवी काढायच्या नळ्या) आणि लघवीच्या पिशव्या लाल पिशवीत, रक्ता-पुवाचा कापूस पिवळ्या, सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. पिशव्या ४८ तासांपेक्षा जास्त पडून राहता कामा नयेत, म्हणून कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते ते बघून तपासण्यांचे वार ठरवा.

एका गोष्टीपाशी मात्र थांबा. सोनोग्राफी यंत्र घेणार असाल तर १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली आधी नोंदणी, मग यंत्र. नोंदणी नसलेल्याला यंत्र विकणं हाच गुन्हा आहे. लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरली ते मोजणारा हातातला छोटा ब्लॅडर स्कॅनरसुद्धा अल्ट्रासाऊंडवरच चालतो. विक्रेता म्हणेल, "याला काही लागत नाही, मॅडम." त्याचं तोंडी आश्वासन तुमच्या कामाचं नाही. महापालिकेच्या पीसीपीएनडीटी कक्षाला यंत्राचं माहितीपत्रक जोडून लेखी विचारा आणि लेखी उत्तर हातात आल्यावरच आगाऊ रक्कम द्या. हे उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज जागेच्या करारनाम्याबरोबरच टाका.

चौथी पायरी: पाटी

आमची पहिली पाटी होती "मूत्रनियंत्रण केंद्र". अचूक मराठी, ठळक अक्षरं. बायका इमारतीच्या खालपर्यंत यायच्या, पाटी वाचायच्या आणि शेजारच्या साडीच्या दुकानात शिरायच्या. आता पाटीवर डॉक्टरांचं नाव आहे आणि खाली "ओटीपोट व मूत्राशयाचे विकार". कोणी ओळखीचं भेटलं तर "पोटाचं दाखवायला आले होते" म्हणता येतं.

पाचवी पायरी: भाषा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला पैसे लागत नाहीत.

मराठीत "पिशवी" या एका शब्दाने दवाखान्यात केवढा घोळ होतो, ते नव्या माणसाने आधी समजून घ्यावं. "माझी पिशवी काढलीय" म्हणजे गर्भाशय काढलंय. "पिशवी खाली आलीय" म्हणजे गर्भाशय खाली सरकून अंग बाहेर येतंय. "लघवीची पिशवी" म्हणजे मूत्राशय. आणि "यांना पिशवी लावलीय" म्हणजे कॅथेटरला जोडलेली प्लास्टिकची पिशवी. एका काकूंना आमच्या नव्या डॉक्टरांनी "तुमची पिशवी पुरती रिकामी होत नाही" असं सांगितलं. काकूंची गर्भपिशवी पंधरा वर्षांपूर्वी काढलेली. त्या घरी जाऊन रडल्या, की ऑपरेशनमध्ये काहीतरी आत राहिलं. तेव्हापासून टेबलावर ओटीपोटाचं मोठं चित्र असतं आणि बोट ठेवल्याशिवाय "पिशवी" शब्द वापरायचा नाही, असा आमचा नियम आहे.

प्रश्नही सरळ विचारू नका. "लघवीवर नियंत्रण आहे का?" असं विचारलं की उत्तर "हो" येतं. "बाहेर जाताना आधी जाऊन येता का? लग्नाकार्यात पाणी कमी पिता का? फडकं किंवा पॅड घेता का, दिवसातून किती बदलावं लागतं?" असं विचारलं की गोष्ट उलगडते. सोबत सून किंवा मुलगा असेल तर दोन मिनिटं तरी त्यांना बाहेर बसवा. "जरा वजन-उंची घेऊ या" हे निमित्त पुरतं. पुरुषांना सिस्टरपेक्षा मामांशी, म्हणजे वॉर्डबॉयशी, बोलणं सोपं जातं. आमचे मामा औपचारिक शिक्षणाने दहावी, पण प्रोस्टेटवाल्या आजोबांची निम्मी माहिती तेच काढतात.

मग डायरी. तीन दिवस, किती वाजता किती प्यायलात, किती वाजता किती झाली, कधी गळली. कागद मराठीत, अक्षर मोठं, सोबत मापाचं प्लास्टिकचं भांडं फुकट. लिहिता न येणाऱ्यांसाठी कप, पेला आणि तांब्याची चित्रं, शेजारी फुल्या मारायच्या. एकादशी, लग्न आणि प्रवास हे दिवस डायरीला धरू नका. उपवासाला चहा दुप्पट होतो आणि प्रवासात पाणी बंद होतं. डायरीत निम्मं निदान असतं. दिवसाला आठ कप चहा, रात्री जेवल्यावर घेतलेली लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, साखर वाढलेली असल्याने लिटर-लिटरने होणारी लघवी, हे सगळं कागदावर स्वच्छ दिसतं. बद्धकोष्ठ आहे का, तेही विचारा. भरलेलं आतडं मूत्राशयाला जागाच देत नाही.

सहावी पायरी: यंत्रं, याच क्रमाने

पहिल्या दिवशी लागतं ते असं: तपासणीचं टेबल, चांगला दिवा, लघवी तपासायच्या पट्ट्या, मापाची भांडी, वजनकाटा. वजनकाटा दोन प्रकारचा, माणसासाठी एक आणि पॅडसाठी स्वयंपाकघरातला एक. ओल्या पॅडचं वजन वजा कोऱ्याचं, म्हणजे गळती किती ते ग्रॅममध्ये कळतं. जंतुसंसर्ग नाही ना, हे पट्टीने बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नंतर यूरोफ्लो. निदान १५० मिलिलिटर लघवी झाली तरच आलेख वाचण्यासारखा असतो. म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगा: "लागल्यासारखं वाटेल इतपत पिऊन या, पण पोट फुटेपर्यंत दाबू नका." फार दाबून ठेवली तरी धार बिघडते. बऱ्याच बायका सार्वजनिक कमोडवर टेकतच नाहीत, अर्धवट उकिडव्या अधांतरी राहतात. त्याने ओटीपोटाचे तळाचे स्नायू ढिले होत नाहीत आणि आलेख फसवा येतो. आसन त्यांच्या देखत पुसा, मगच त्या बसतील.

नळ्या घालून दाब मोजणारी यूरोडायनॅमिक तपासणी पहिल्या वर्षी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या, खोकल्याबरोबर दिसणाऱ्या गळतीत शस्त्रक्रियेआधी ती केल्याने निकाल सुधारत नाही, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं. चेतासंस्थेचे रुग्ण, आधी शस्त्रक्रिया फसलेले, गुंतागुंतीचे, यांना ती हवीच. पण तेवढ्यांसाठी शहरातल्या मोठ्या केंद्राशी संधान बांधा. यंत्र घेतलं की ते वापरायची खाज सुटते. आम्हाला सुटली होती.

सातवी पायरी: माणसं आणि बारा आठवडे

डॉक्टर आठवड्यातून दोन दुपारी असले तरी चालतं. सिस्टर आणि फिजिओ मात्र ठरलेल्या, रोजच्या हव्यात. दर वेळी चेहरा बदलला की रुग्ण पुन्हा पहिल्यापासून लाजतो. नव्या रुग्णाला पाऊण तास, परत आलेल्याला वीस मिनिटं. याहून जास्त माणसं कोंबली की डायरी वाचली जात नाही आणि क्लिनिक नेहमीची ओपीडी होऊन जातं.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, म्हणजे केगल, हा खोकताना गळणाऱ्यांचा पहिला उपचार. दिवसातून तीन वेळा, दर वेळी आठ तरी आकुंचनं, निदान तीन महिने. इथेच लोक अडखळतात. एक म्हणजे निम्म्यांना कोणता स्नायू ते कळलेलंच नसतं; पोट आवळतात, श्वास धरतात, मांड्या दाबतात. "वारा अडवायचाय असं समजा" हे वाक्य आमच्याकडे सगळ्यात चालतं. आधी हसतात, मग बरोबर करतात. चालू लघवी अडवून सराव करायला मात्र सांगू नका, ती सवय वाईट. दुसरं म्हणजे चौथ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून सोडतात. म्हणून चौथ्या आठवड्यात सिस्टरचा फोन ठरलेला. व्यायाम कशाला जोडायचा तेही ठरवून द्या: कुकरच्या शिट्ट्या, देवपूजा, रात्रीची मालिका. घाईने सुटणाऱ्यांना लागल्याबरोबर न धावता वेळ हळूहळू वाढवायला शिकवायचं, त्याला सहा आठवडे तरी द्यायचे. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा. पण ज्येष्ठांमध्ये ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, कधी विसरभोळेपणा आणि गोंधळ वाढतो. फोनवर "आई हल्ली बरळतात" असं कोणी म्हणालं तर ते वयावर न ढकलता डॉक्टरांपर्यंत पोचवायला सिस्टरला शिकवा.

अंग बाहेर येणाऱ्या ज्या बायकांना शस्त्रक्रिया नको किंवा झेपणार नाही, त्यांच्यासाठी योनीमार्गात बसवायच्या रिंगा तीन-चार मापांत ठेवा.

ज्यांना मूत्राशय रिकामं करायला स्वतः कॅथेटर घालावा लागतो त्यांच्यासाठी एक सबंध तास, दार बंद, आरसा, आणि घरचं एक माणूस. साधारण चार ते सहा तासांनी, एका वेळी ४००-५०० मिलिलिटरच्या वर साठू द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात सिस्टरचा नंबर त्यांच्याकडे हवाच. वापरलेले डायपर-पॅड घरी कसे टाकायचे, तेही सांगा: कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका, ओल्या-सुक्यापासून वेगळं. कचरा वेचणाऱ्या ताईंना हाताने उघडून बघावं लागू नये. हे सांगितल्यावर कित्येक सुना सुटकेचा श्वास टाकतात, कारण सासऱ्यांचे डायपर इतके दिवस रात्री गुपचूप नेऊन टाकलेले असतात.

आठवी पायरी: पैसे आणि रुग्ण

स्वतःची जागा घेण्याआधी एखाद्या चालत्या रुग्णालयात सहा महिने दोन दुपारी करून बघा. बाह्यरुग्ण खर्चाला विमा बहुतेक मिळत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या फिजिओचं एकत्र शुल्क सांगा, सुट्या भेटींचं नको. सुट्या शुल्कात माणूस चौथ्या भेटीला हिशेब करतो. कॅथेटर-डायपर स्वतः विकायच्या फंदात पडू नका. जवळच्या केमिस्टला मापं लिहून द्या. सदाशिव पेठेतल्या घाऊक औषधबाजारातून तो मागवून ठेवतो.

जाहिरात आमच्या उपयोगी पडली नाही. ज्येष्ठ नागरिक संघातलं अर्ध्या तासाचं बोलणं पडलं. तिथे प्रश्न विचारायला कोणी हात वर करत नाही, म्हणून आधी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली वाटायच्या, एक डबा फिरवायचा, नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. पहिल्या वेळी चाळीस माणसांच्या डब्यातून एकवीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या एकीवर फक्त "हसताना" एवढंच लिहिलं होतं.

पहिल्या महिन्यात एवढंच मोजा: किती जण आले, किती जणांनी डायरी भरून आणली, किती दुसऱ्यांदा आले. आणि डायरीच्या प्रती शंभराच्या वर छापू नका. आमच्या पहिल्या डायरीत रात्रीचा रकाना बारा वाजता संपत होता.